घडणावळ वेगळी लिहा : एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

दुकानातून घेतलेला संगणक आणि घरी जोडलेला संगणक यांची तुलना करणाऱ्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपण स्वतः अकरा वर्षे संगणकाच्या दुकानात गल्ल्यावर बसलात आणि आता ते दुकान आपला पुतण्या चालवतो, हे आपण सुरुवातीलाच सांगितलेत, त्यामुळे बोलणे सोपे झाले. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : मी दुकानदारांना सरसकट लबाड ठरवले, सुट्या भागांची यादी मागणारे गिऱ्हाईक ती यादी खिशात घालून निघून जाते आणि माल ऑनलाइन मागवते, भाव रोज बदलत असल्यामुळे लेखी दर देणे परवडत नाही, आणि स्वतः संगणक जोडणे हा रिकामा वेळ असलेल्यांचा छंद असून सामान्य माणसाला त्या वाटेला लावणे बेजबाबदारपणाचे आहे. शेवटी आपण जरा खोचकपणे विचारले आहे की, मी शेजाऱ्यांचे संगणक जोडून देतो का, आणि दिले तर रात्री त्यांचे फोन उचलतो का. त्याचे उत्तर शेवटी देतो.

‘सरसकट’ हा आक्षेप मला मान्य आहे. ‘ग्राहकाचे अज्ञान हेच या धंद्याचे भांडवल’ हे वाक्य मी रागाच्या भरात लिहिले होते आणि ते मी मागे घेतो. राग कशाचा होता ते मात्र त्या लेखात नीट आले नव्हते, म्हणून येथे सांगतो.

माझ्या भाचीला २०२३ च्या जून महिन्यात वास्तुकलेच्या (आर्किटेक्चरच्या) अभ्यासासाठी संगणक हवा होता. मी तेव्हा पुण्यात नव्हतो. माझे मेहुणे तिला घेऊन शहरातल्या एका दुकानात गेले आणि ‘आय-७, सोळा जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक्स कार्ड’ असा संगणक ३९,५०० रुपयांना घेऊन आले. पावतीवर एकच ओळ होती : ‘असेंबल्ड पीसी आय-७, नग १’. यातला एकही शब्द खोटा नव्हता, हेच मला अधिक खटकते. प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, खरोखरच आय-७ होता, पण २०१२ साली बाजारात आलेल्या तिसऱ्या पिढीतला, चार कोअरचा (एकाच वेळी काम करणाऱ्या चार गाभ्यांचा). त्याच सुमारास बाजारात सहज मिळणारा, २०२२ मधला सहा कोअरचा आय-५ त्याला कोणत्याही कामात मागे टाकतो. रॅम सोळा जीबी होती, पण डीडीआर-३ या जुन्या प्रकारची, म्हणजे पुढे कोणत्याही नव्या मदरबोर्डवर (सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य पाटीवर) न बसणारी. ग्राफिक्स कार्डावर चार जीबी मेमरी होती, पण कार्ड जीटी ७३० हे २०१४ चे. त्याच्या चिपला ती मेमरी पुरेशा वेगाने वापरताच येत नाही, त्यामुळे ‘चार जीबी’ हा आकडा केवळ सांगण्यापुरता उरतो. विंडोज ११ साठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, आणि हा नियम दुकानदाराला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही, कारण तो २०२१ पासूनच लागू आहे. विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. म्हणजे हा ‘नवा’ संगणक सव्वादोन वर्षांत कालबाह्य होणार, हे तो विकत घेतानाच ठरून गेले होते.

प्रत्यक्षात त्याला तेवढेही आयुष्य लाभले नाही. आठ महिन्यांनी एका संध्याकाळी वीज जाऊन परत आली आणि संगणक गेला. एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारी पेटी, जळाली आणि जाताना मदरबोर्ड व एसएसडी (फायली साठवणारा भाग) यांनाही घेऊन गेली. भाचीचे सत्राचे आराखडे त्याच एसएसडीवर होते. दुकानात उत्तर मिळाले की ‘व्होल्टेजमुळे गेले आहे, हे वॉरंटीत बसत नाही’. मी ती एसएमपीएस हातात घेतली तेव्हा ती एवढी हलकी होती की रिकामे खोके उचलल्यासारखे वाटले. बाहेर ठळक अक्षरात ‘४५० वॅट’ असे छापलेले होते, पण बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर हा आकडा होता. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांना लागणारी जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या वाटेने जाते. बारा गुणिले सोळा म्हणजे १९२. उरलेले वॅट फारशा कामी न येणाऱ्या ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत वाटून बेरीज फुगवलेली होती. भाचीच्या संगणकाचा भार १९२ वॅटच्याही आत होता, हे मला ठाऊक आहे. म्हणजे ती क्षमता कमी पडून जळाली असे मी म्हणत नाही. पण विजेचा दाब अचानक वाढला किंवा आत शॉर्ट झाले, तर चांगली एसएमपीएस स्वतःला बंद करून पुढच्या भागांना वाचवते. त्यासाठी लागणारे घटक स्वस्त एसएमपीएसमधून सर्वांत आधी गाळले जातात, कारण त्यांची उणीव दुकानात बटण दाबून पाहताना कळत नाही. (एसएमपीएसवरची ‘८० प्लस’ची खूण पाहून निर्धास्त होणाऱ्यांसाठी जाता जाता सांगतो की, ती खूण फक्त वीज किती वाया जात नाही एवढेच सांगते. आतले संरक्षण कसे आहे याविषयी ती काहीच बोलत नाही.)

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आपण लिहिले आहे की एका संगणकामागे दुकानदाराला जेमतेम काही रुपये सुटतात, त्यातून भाडे, पोरांचे पगार आणि वीजबिल भागवायचे असते, आणि ऑनलाइन दराशी बरोबरी करायची तर कुठेतरी हात आखडता घ्यावाच लागतो. हे मला पटते. पण तो हात नेमका एसएमपीएसवरच आखडतो, आणि ग्राहकाला त्याचा पत्ता लागत नाही. लक्ष्मी रस्त्यावर सोनाराकडे गेलो तर पावतीवर सोन्याचे वजन, शुद्धता, त्या दिवसाचा भाव आणि घडणावळ या गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. घडणावळ जास्त वाटली तर आपण कुरकुरतो, पण देतो, कारण ती कशाची आहे हे समोर लिहिलेले असते. शिंपी कापडाचे आणि शिलाईचे पैसे एकत्र करत नाही. मग संगणक जोडणे, केबली नीट बसवणे, प्रणाली भरणे, दोन तास चालवून तपासणे, या कौशल्याच्या कामाची मजुरी पावतीवर लिहायला आपल्या धंद्याला संकोच का वाटावा? सात हजारांचा भाग साडेसात हजारांना लावण्यापेक्षा तो सात हजारांनाच लावून खाली दोन हजार रुपये जोडणी असे लिहिले, तर मी ते विनातक्रार देईन. माझी सारी तक्रार या न लिहिलेल्या ओळीपुरतीच आहे. ती ओळ लिहिली जात नाही म्हणून ते पैसे बिनानावाच्या एसएमपीएसमधून वसूल करावे लागतात.

भाव रोज बदलतात, ही अडचण खरी आहे. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव ज्या झपाट्याने चढले, तेव्हा सकाळी सांगितलेला दर संध्याकाळी पाळणे दुकानदाराला किती जड गेले असेल, याची मला कल्पना आहे. पण सोन्याचा भावही रोज बदलतो आणि तरीही सोनार लेखी देतो, फक्त त्यावर तारीख असते.

यादी घेऊन पळणाऱ्या गिऱ्हाइकांचा मुद्दा मात्र आपण मांडला तेव्हा मी थांबलो, कारण तसे गिऱ्हाईक मी स्वतः एकदा झालो आहे. एका माणसाने अर्धा तास घालवून मला कोणत्या मदरबोर्डावर कोणती रॅम चांगली चालते ते समजावले, आणि मी घरी येऊन ते सर्व चारशे रुपये स्वस्तात ऑनलाइन मागवले. हे वागणे योग्य नव्हते. तो अर्धा तास हाच त्याचा माल होता आणि मी तो फुकट उचलला. यावर मला सुचणारा उपाय एवढाच की यादी करून देण्याचे पाचशे रुपये आधी घ्यावेत आणि खरेदी झाली तर ते बिलातून वजा करावेत. पुण्यात याला नाके मुरडली जातील, हे मी जाणतो. तरी काही लोक देतील. निदान मी देईन.

आपल्या पुतण्याला एक गोष्ट सांगावीशी वाटते. सुट्या भागांची खोकी ग्राहकाला द्यावीत आणि सिरीयल क्रमांक पावतीवर लिहावेत. बंद खोक्यातल्या प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, एसएसडीला बहुधा तीन किंवा पाच, चांगल्या एसएमपीएसला काही वेळा दहा वर्षांचीही. ‘संपूर्ण संगणकाला एक वर्ष वॉरंटी’ या दुकानी वाक्यात ही सगळी वर्षे विरघळून जातात आणि ग्राहकाला ते कळतही नाही. खोक्याविना आलेल्या ट्रे प्रोसेसरची जबाबदारी तर विक्रेत्यावरच राहते, कंपनी ती थेट घेत नाही. तेही आधी सांगितले पाहिजे. आणि पावतीखालचे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य आता काढून टाकावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि सदोष माल पावतीवर दिलेल्या मुदतीत, मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा.

स्वतः जोडणे सोपे आहे असा माझ्या लेखाचा सूर होता, हा आपला आरोप अर्धा खरा आहे. जोडणे सोपे आहे, पण अडले की माणूस एकटा पडतो. भाचीसाठी दुसरा संगणक मी घरी जोडला. सगळे बसवून बटण दाबले तर पंखे फिरत होते आणि पडदा काळाच. मी रॅम काढून घातली, प्रोसेसर काढून त्याच्या बैठकीवरच्या पिना भिंगाखाली तपासल्या, पुन्हा बटण दाबले, मिनिटभर वाट पाहिली, पुन्हा सगळे उघडले. त्यात रात्र गेली. दुसऱ्या दिवशी मंडईच्या वाहनतळावर गाडी लावून तो सांगाडा उचलून तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात, नेला. तिथल्या एका छोट्या दुकानातल्या माणसाने तो चालू केला, काहीही उघडले नाही आणि मला म्हणाला, “बसा, चहा सांगतो.” चहा येईपर्यंत पडद्यावर अक्षरे आली होती. डीडीआर-५ रॅम असलेला संगणक पहिल्यांदा सुरू होताना मेमरी जुळवून घेण्यात काही मिनिटे घालवतो आणि तोवर पडदा काळा राहतो. मी दर वेळी त्याचे काम अर्ध्यावर तोडत होतो. त्या माणसाने पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला तेव्हा त्याने प्रोसेसर आणि त्याच्या पंख्यामध्ये लावायची पेस्ट माझ्या गळ्यात मारली, ती अजून कपाटात आहे. असे ज्ञान पुस्तकात वाचून येत नाही आणि ते ज्याच्याकडे आहे त्या दुकानदाराची गरज नाही असे मी कधीच म्हणणार नाही. त्याच्या पावतीवर ते दिसत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता आपला शेवटचा प्रश्न. होय, शेजाऱ्यांसाठी मी आजवर तीन संगणक जोडून दिले. एकाचा फोन गणपतीच्या दिवसांत रात्री सव्वाअकराला आला होता. मी चौथ्या मजल्यावर गेलो. आरास करताना कोणीतरी भिंतीवरचे बटण बंद केले होते. मी ते चालू केले, प्रसाद घेतला आणि खाली आलो. पण आपल्या प्रश्नामागचा अर्थ मला कळला आहे : तिघांसाठी हे जमते, तीनशे जणांसाठी जमणार नाही, आणि म्हणून दुकान लागते. हे मान्य आहे.

भाचीच्या एका मैत्रिणीला येत्या जूनमध्ये तशाच कामासाठी संगणक हवा आहे आणि या खेपेस मी तो जोडणार नाही. आपल्या पुतण्याच्या दुकानाचा पत्ता मला खाजगी निरोपात कळवावा. यादीत एसएमपीएसचे मॉडेल पूर्ण नावानिशी असावे आणि घडणावळीची ओळ वेगळी असावी. त्या ओळीतल्या रकमेवर मी घासाघीस करणार नाही.

कळावे.