माळ सोडा, क्षारपड घ्या: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

माळावर इंधनाची पिकं नकोत, या माझ्या म्हणण्यावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून दोन ओळींत उरकत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: माळावर नुसती कुसळं उगवतात. तिथे हत्ती गवत, बांबू किंवा करंज लावून गॅस आणि डिझेल केलं तर अन्नाच्या जमिनीला धक्का लागत नाही आणि गावात चार पैसे येतात. मोगली एरंड (जट्रोफा, ज्याच्या बियांच्या तेलापासून बायोडिझेल करतात) फसला म्हणून सगळंच फसेल असं नाही. आणि मी पुण्यात बसून गवताचं कौतुक करतो. पुण्यात बसतो हे खरं. बाकीच्याबद्दल बोलू.

मोगली एरंड का फसला ते आधी पाहायला हवं, कारण नव्या योजनांचं गणितही तसंच मांडलं जातंय. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने देशात १ कोटी ३४ लाख हेक्टर जमीन त्याला योग्य ठरवली. हेक्टरी पावणेचार टन बी निघेल असं धरलं. जनावरं त्याला तोंड लावत नाहीत, कमी पाण्यात ते तग धरतं, हे दोन्ही खरं. पण तग धरणं वेगळं आणि बी देणं वेगळं. हलक्या जमिनीत, पाण्याविना झाड हिरवं राहिलं. बी मात्र त्या आकड्याच्या आसपासही फिरकलं नाही. पाणी-खत घातलं की बी वाढतं, पण ज्याच्याकडे पाणी-खत आहे तो डाळिंब सोडून एरंड कशाला लावेल? केंद्राच्या २००९ च्या जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळण्याचं लक्ष्य होतं. २०१८ च्या धोरणाने बायोडिझेलचं लक्ष्य ५ टक्क्यांवर आणलं, तेही २०३० पर्यंत. त्याच २०१८ च्या ऑगस्टमध्ये डेहराडूनहून दिल्लीला एक विमान अंशतः याच तेलापासून केलेल्या इंधनावर उडालं, म्हणजे तेलात खोट नव्हती. हिशेब जमिनीचा चुकला होता.

हत्ती गवताचंही तेच. वर्षाला अनेक कापण्या, भरघोस टनेज, हे सगळं बागायतीतलं चित्र. माण-खटावच्या माळावर पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसात, तोही चार महिन्यांत, इतक्या कापण्या कुठून येणार? शिवाय ओल्या हत्ती गवतात चार पंचमांशाच्या आसपास पाणीच असतं. प्रकल्प लांब असेल तर आपण ट्रकमधून पाणी वाहतोय, डिझेल जाळून. ब्रिटनमध्ये मिस्कॅन्थस नावाचं गवत पडीक-चिबड जमिनीत बरं चालतं, पण तिथे पाऊस वर्षभर विभागून पडतो, आणि हिवाळ्यापूर्वी ते आपलं नत्र मुळांत परत घेतं, मगच कापतात. हत्ती गवत आपण हिरवंच कापतो, म्हणजे प्रत्येक खेपेला जमिनीतलं नत्र आणि पालाश बाहेर.

आता ‘माळावर नुसती कुसळं’ या वाक्याबद्दल. तमिळनाडूत विरुधुनगर जिल्ह्यातल्या सात्तूर भागात एरंडासाठी पडीक म्हणून जी जमीन दाखवली गेली, तिच्यावर वेडी बाभूळ होती. लोक तिचा कोळसा पाडत, कारखान्यांना सरपण विकत. संशोधकांनी हिशेब केला तेव्हा एरंडापेक्षा त्या बाभळीतूनच कितीतरी जास्त उपयोगी ऊर्जा मिळत असल्याचं दिसलं. (वेडी बाभूळ मला अजिबात आवडत नाही, पण हिशेब तो हिशेब.) आपल्याकडचा माळही असाच वापरात आहे. धनगर दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्यात याच पवन्या-मारवेल गवतावर परत येतात. त्यांची मेंढरं शेतात बसवली की खताचा खर्च वाचतो. लांडगा आणि उरलासुरला माळढोक याच गवतावर. शिवाय गवताचा कार्बन मुळांत, जमिनीखाली असतो. नांगर घातला की तो निसटतो, आणि ती तूट भरायलाच पुढची काही वर्षं इंधन पिकवावं लागतं.

मग मी विरोधच करतो का? नाही. शिरोळ-वाळव्याकडे उसाला पाटाचं पाणी भरमसाट पाजून क्षारपड झालेली जमीन बघा. निचरा नाही, पाण्याची पातळी वर आली, मीठ वर आलं, ऊस गेला. तिथे कुणाची मेंढरं चरत नाहीत आणि मालक सातबाऱ्यावर नावानिशी आहे. करंज क्षार सोसतो, पाय ओले राहिले तरी चालतं, मुळांवर नत्राच्या गाठी धरतो. फळाला पाच-सहा वर्षं थांबावं लागेल, म्हणून नुसत्या करंजावर संसार चालणार नाही. चरांनी निचरा करून थोडा भाग पिकाला परत आणायचा, बाकी करंजाला. चंद्रपूर-वणीकडचे कोळसा खाणींच्या मातीचे ढिगारे, तिथे बांबू लावा, मी टाळ्या वाजवीन. शेताचे बांध आहेत. आणि इंधनासाठी नवं पीक लावण्याआधी, विदर्भात शेतातच पेटवल्या जाणाऱ्या कापसाच्या पऱ्हाट्या वापरा.

राहिलं तुमच्या गावचं गायरान, जे कंपनीला भाड्याने द्यायचं चाललंय म्हणता. ग्रामसभेत आधी विचारा की सध्या तिथे कोण चारतं आणि त्यांना दुसरं कुरण कुठे देणार. तो माणूस बहुधा सभेला बोलावलेलाच नसेल. मग करारातलं पाण्याचं कलम वाचा: विहीर कोण पाडणार, उन्हाळ्यात उपसा किती. आणि गवताचा दर ओल्या वजनावर आहे की सुक्या, हे लेखी घ्या.