टाकी वाहू द्या, पर्यावरण वाचेल

परवा आठव्या दिवशी नळ आला, तोही रात्री पावणेदोनला. पुढे दोन तास कॉलनीतल्या एका गच्चीवरून जो धबधबा कोसळत होता, त्यावरून एक गोष्ट नक्की झाली: आपल्याकडे पर्यावरणप्रेम ओसंडून वाहतंय. ज्यांना अजून ही विद्या साधलेली नाही, त्यांच्यासाठी या काही सोप्या सवयी.

लग्नात, बारशात आहेर म्हणून मिळालेल्या वीसेक कापडी पिशव्या नीट घडी घालून कपाटात ठेवा. भाजीला रिकाम्या हातांनी जा. दहाच्या कोथिंबिरीला वेगळी कॅरीबॅग मागा आणि ती हातात पडली की भाजीवाल्यालाच ऐकवा, "प्लास्टिकबंदी 2018 पासून आहे, माहितीय ना?"

झाड 5 जूनलाच लावा. मृग लागलेला नसतो, जमीन तव्यासारखी तापलेली असते, पण फोटोला उजेड झकास मिळतो. मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, तो उन्हात तापू द्या, कुजलेलं शेणखत आणि पोयटा भरा, दोन दमदार पाऊस झाले की मग रोप लावा, असली कटकट शेतकऱ्यांना करू द्या. आपण वीतभर उकरायचं. रोपाची काळी पिशवी मुळीच फाडायची नाही. मुळं आतल्या आत गोल फिरून गुदमरतात खरी, पण हात स्वच्छ राहतात. बाभळीच्या काट्यांचं कुंपणही नको, शेळ्यांनी खायचं काय? आणि पुढल्या वर्षी नवा खड्डा खोदावा लागत नाही, जुनाच कामाला येतो.

कडुनिंबाचा पाला झाडून रोज सकाळी पेटवा. त्यात गुटख्याच्या पुड्या आणि दुधाच्या पिशव्या टाकल्या की डास जातात, शेजारचे दमेकरीही.

आता मुख्य साधना. नळ आला रे आला की थेट नळाच्या लाइनीला मोटार जोडा. पाणी आपसूक हौदात पडू द्यायचं आणि हौदातून मोटारीने वर चढवायचं, हा भित्र्यांचा मार्ग झाला. लाइनीवर अर्ध्या एचपीची मोटार बसली की गल्लीचं पाणी तुमचं. शेवटच्या घरातल्या तोटीतून नुसती फुसफुस हवा येते. तिथली म्हातारी घागर लावून पहाटेपर्यंत बसते, बसू द्या, तिला तरी दुसरं काय काम? शिवाय मोटारीच्या ओढीने पाइपातला दाब उतरतो आणि जिथे सांधा सैल असेल तिथून बाहेरचं आत खेचलं जातं. आपले नळाचे पाइप कुठून गेलेत? नालीच्या कडेकडेने, काही ठिकाणी नालीतूनच. मग सकाळी अख्ख्या गल्लीच्या हंड्यात पिवळट, वास मारणारं पाणी, आठवड्याने ढाळ, महिन्याने कावीळ. आणि पालिकेवर मोर्चा न्यायला सगळ्यात पुढे कोण? तुम्हीच.

बरं, ओढलंत ते ओढलंत. टाकी हजार लिटरची, मोटार मिनिटाला 25 लिटर चढवते, म्हणजे 40 मिनिटांत काम संपतं. हा हिशेब चौथीतल्या पोराला येतो. तुम्ही मात्र बटण दाबून झोपता. पुढच्या दोन तासांत 3000 लिटर रस्त्यावर, म्हणजे 200 लिटरचे 15 ड्रम. सकाळी विचारावं तर "बॉलकॉक खराब झाला वाटतं!" अहो, बॉलकॉक म्हणजे पाणी वर आलं की तरंगत्या गोळ्याने आपोआप मिटणारी तोटी. मोटारीने भरणाऱ्या टाकीला नुसत्या तिने भागत नाही. बॉलकॉक बंद झाला तरी मोटार फिरतच राहते, पाणी पुढे जात नाही, ती तापते आणि मग सांधा तरी सुटतो नाहीतर वाइंडिंग तरी जळतं. वरच्या टाकीत फ्लोट स्विच लागतो, म्हणजे पाणी ठरल्या पातळीला आलं की मोटारीची वीजच तुटते. बॉलकॉक हवा हौदाच्या तोंडाला. तोही गळतो ते तीन कारणांनी: वॉशरखाली वाळूचा कण अडकतो, दांडी वाकते, किंवा गोळ्याला चीर जाऊन आत पाणी शिरतं आणि तो तरंगायच्या ऐवजी बुडतो. गोळा काढून कानाशी हलवा. आत खळखळलं तर बदला. यात कसलं इंजिनिअरिंग आहे?

आरओ तर हवाच. नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असला तरी हवा. एक लिटर प्या, दोन-तीन लिटर मोरीत सोडा.

अंगणात तसूभरही माती दिसू देऊ नका. गट्टू बसवा, कडुनिंबाच्या बुंध्याला सिमेंटचा गळपट्टा आवळा आणि गच्चीची पन्हाळ थेट रस्त्यावर काढा. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर 700 मिलिमीटर पाऊस म्हणजे 65 हजार लिटर. एवढं पाणी घेऊन करायचं काय? त्यापेक्षा एप्रिलमध्ये बोअर घ्या. दोनशे फुटांना लागलं नाही तर सहाशेला जा. आपल्या काळ्या पाषाणात पाणी असतं ते मुख्यतः वरच्या मुरमात आणि भेगांत. खाली बोअरची गाडी बहुतेक राखाडी भुकटीच उडवते, पण फुटाचं बिल तेवढंच. कुणी पुनर्भरणाचं फारच मागे लागलं तर पन्हाळीचा पाइप सरळ बोअरच्या तोंडाच्या केसिंग पाइपात कोंबा. पहिला पाऊस वाहून जाऊ देणं, दगड-खडी-वाळूचा गाळणखड्डा करणं, हे नखरे कशाला? गच्चीवरचा गाळ भेगांत बसला की बोअर कायमचा निकाली.

अरे, लाज वाटू द्या जरा! मार्च 2016 मध्ये लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचं 144 कलम लावलं होतं, विसरलात? एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीत 5 लाख लिटर होतं, लोक स्टेशनावर बघायला गेले होते. तुमच्यासारख्या 167 गच्च्या एका रात्रीत तेवढं नालीत घालतात. आणि सकाळी तुम्हीच त्या ओल्या रस्त्यावर उभं राहून 'पाणी हेच जीवन'चं स्टेटस ठेवता! पैठणच्या धरणाचं पाणी वीज जाळून, चढ चढवून आपल्या संभाजीनगरात आणतात, ते तुमचे गट्टू धुवायला नाही. जिला रात्रभर घागर घेऊन बसवलंत, तिचं पाणी होतं ते. चोरलंत आणि वर सांडलंत.

लाइनीवरची मोटार आज काढा. हौदाला बॉलकॉक, टाकीला फ्लोट स्विच. पुढची पाळी आठ दिवसांनी आहे, तेवढ्यात प्लंबर सापडतो.