अपुरा पत्ता

मी चौतीस वर्षे पोस्टात नोकरी केली आणि त्यांतली बहुतेक वर्षे सॉर्टिंगला काढली, त्यामुळे 'पत्ता सापडत नाही' असे कोणी म्हटले की माझ्या कपाळावर आपोआप आठी पडते. निवृत्तीनंतर एकटीने, पायी हिंडून व्हेनिस पाहायचे मी ठरवले, तेव्हा मुलाने सहल कंपन्यांची माहितीपत्रके आणून माझ्यासमोर टाकली. परंतु छत्री उंच धरून चालणाऱ्या माणसाच्या मागे चाळीस जणांच्या रांगेतून शहर पाहणे म्हणजे बंद पाकिटावरून आतल्या मजकुराचा अंदाज करण्यासारखे आहे, असे माझे मत होते आणि झाल्या प्रकारानंतरही ते कायम आहे.

राहण्याच्या जागेचा पत्ता आला, तेव्हा तर मी निर्धास्तच झाले. कास्तेल्लो, पुढे पाच हजार दोनशेच्या घरातला एक आकडा, आणि व्हेनिस ३०१२२. एवढेच.

"आई, यात रस्ता कुठे आहे?" मुलाने विचारले.

"पेठेत रस्ता लागत नाही," मी म्हणाले.

आमच्या घराचा पत्ताही असाच आहे : सदाशिव पेठ, घराचा आकडा, पुणे ४११०३०. व्हेनिसचे सहा भाग आहेत, त्यांना तिथे सेस्तिएरे म्हणतात, आणि घरांचे क्रमांक रस्त्यागणिक न पडता या भागागणिक पडतात. सान मार्को भागातला क्रमांक १ म्हणजे तिथल्या प्रजासत्ताकाच्या प्रमुखाचा, म्हणजे डोजेचा, राजवाडा. तर कास्तेल्लोतले आकडे साडेसहा हजारांच्याही पुढे जातात. त्याच शहरात खून करणाऱ्यांच्या नावाचा एक रस्ताही आहे, हे वाचल्यावर मला आमच्या पेठेतले खुन्या मुरलीधराचे देऊळ आठवले आणि आपण परदेशी नव्हे, शेजारच्या पेठेत निघालो आहोत, अशी माझी खात्री पटली.

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी पाच वाजता मी व्हेनिसच्या स्टेशनाबाहेर पडले. पायऱ्यांखालीच ग्रँड कॅनाल होता आणि त्यात व्हापोरेत्तो, म्हणजे तिथली पाण्यावरची पीएमटी बस, उभी होती. पंचाहत्तर मिनिटांच्या तिकिटाचे साडेनऊ युरो पडतात हे पाहून मी मनात रुपये केले आणि पायी निघाले. अंतर अर्ध्या तासाचे होते. बरोबर सोळा किलोची, चार चाकांची, दुकानदाराने 'मावशी, एका बोटाने ढकला' असे सांगून विकलेली बॅग होती.

व्हेनिसमध्ये चाक ही वस्तू बाद आहे. मोटारी नाहीत हे मला ठाऊक होते, पण सायकलीलाही तिथे बंदी आहे, याचा अर्थ मला ग्युल्ये नावाच्या पहिल्याच पुलावर कळला. शहरात चारशेहून अधिक पूल आहेत, आणि खालून होड्या जाव्या लागत असल्यामुळे ते बहुतेक सगळे मधोमध उंच, दोन्ही बाजूंना पायऱ्यांचे आहेत. एका बोटाची बॅग मी दोन्ही हातांनी, एकेक पायरी मोजत चढवत होते. तिसऱ्या पुलावर एका तरुणाने काही न बोलता ती माझ्या हातातून घेतली आणि तो पळतच पलीकडे गेला. मी मराठीत आरडाओरडा केला. त्याने बॅग पलीकडे नीट उभी करून ठेवली, हात हलवला आणि तो निघून गेला, तेव्हा मला आभाराचा इटालियन शब्द आठवेना.

सव्वासहाच्या सुमारास मी एका मोठ्या चौकात पोहोचले. नकाशात त्याचे नाव सांती जोव्हान्नी ए पाओलो असे होते आणि लोक त्यालाच सान झानिपोलो म्हणत होते. या दोन संतांना एकमेकांत मिसळून टाकायला व्हेनिसच्या बोलीने काही शतके तरी घेतली असावीत. तिथल्या चर्चचा क्रमांक ६३६३. मला हवे होते पाच हजार दोनशे. म्हणजे अकराशे घरे उतरत जायचे, एवढा सोपा हिशेब होता.

आकडे दहा-बारा घरे शहाण्यासारखे उतरले. मग ते एका कमानीखालून आतल्या चौकात शिरले, चौकाला प्रदक्षिणा घालून बाहेर आले, आणि समोरच्या भिंतीवर एकदम शे-दीडशेने वेगळे होऊन उभे राहिले. मी उजवीकडच्या गल्लीत वळले. गल्लीच्या टोकाला चार पायऱ्या होत्या, शेवाळलेल्या, आणि चौथ्या पायरीनंतर पाणी होते. ना कठडा, ना सूचना. ही चूक नव्हे. या शहरात घरांची पुढची दारे पाण्याकडे असत आणि गल्ली ही मागची बाजू, त्यामुळे आपण पायी हिंडणारे सगळे मागच्या दाराने आलेले पाहुणे असतो. हे ज्ञान मला नंतर झाले. त्या क्षणी मी फोन काढला, तर उंच भिंतींमध्ये त्यालाही दिशा सापडेना. त्यातला निळा ठिपका मला कालव्याच्या मधोमध उभी दाखवत होता.

दुचाकी पिशवी ओढत निघालेल्या एका आजींना मी चिठ्ठी दाखवली. त्यांनी आकडा वाचला, मान डोलावली, आणि हात समोर करून म्हणाल्या, "सेंप्रे द्रीत्तो." म्हणजे सरळ, सरळच जा. समोर भिंत होती. या शहरात सरळ म्हणावा असा रस्ता औषधालाही नाही, तरी प्रत्येकाने मला सरळच जायला सांगितले. पुढे एका भिंतीवर 'रिआल्तोकडे', म्हणजे तिथल्या प्रसिद्ध पुलाकडे, असे लिहिलेले दोन बाण दिसले, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. मी डावीकडे गेले आणि दहा मिनिटांनी सान झानिपोलोच्या चौकात पुन्हा हजर झाले.

एकूण तीन वेळा मी त्या चौकात आले. तिन्ही वेळा तिथला घोडेस्वार माझ्याकडे तुच्छतेने पाहत होता. तिसऱ्या वेळी मी बॅगेवर बसले आणि त्याची चौकशी केली. हा बार्तोलोमेओ कोल्लेओनी, व्हेनिसचा पगारी सेनापती. १४७५ साली मरताना त्याने आपली मोठी संपत्ती प्रजासत्ताकाला दिली, अट एकच : माझा पुतळा सान मार्कोसमोर उभारा. त्याच्या मनात सान मार्कोचा जगप्रसिद्ध चौक होता. पण त्या चौकात कोणा एका माणसाचे स्मारक उभारायचे नाही, असा तिथला दंडक. आणि पैसे तर परत करायचे नव्हते. तेव्हा सरकारने थोडा विचार केला आणि पुतळा सान मार्कोसमोरच उभा केला, फक्त हा सान मार्को म्हणजे स्कुओला ग्रांदे दी सान मार्को ही एका धर्मबंधू-मंडळाची इमारत होती. हल्ली त्या इमारतीत शहराचे रुग्णालय आहे. लिओनार्दो दा विंचीचा गुरू वेरोक्यो याने तो पुतळा घडवला, पण ओतकाम व्हायच्या आत तोही वारला. मी मात्र कलेचा विचार करत नव्हते. एवढा कर्तबगार माणूस, आणि पत्ता लिहिताना जवळची खूण घालायला विसरला! आमच्याकडे 'सान मार्को, चौकात, चर्चसमोर' असे न लिहिता पाकीट आले असते, तर त्याच्यावर 'अपुरा पत्ता' असा शिक्का मी स्वतः मारला असता. इथे शिक्क्याऐवजी घोडा होता, आणि तो गेली पाचशेहून अधिक वर्षे चुकीच्या दारात उभा होता. माझा सव्वा तास त्यापुढे काहीच नव्हता.

घर अखेर सापडले, तेव्हा आपण त्याच्यावरून दोनदा गेल्याचे माझ्या लक्षात आले. सांता मारिया फोर्मोसाच्या चौकामागे कालव्याकाठी काही दारांना स्वतःचे खासगी पूल आहेत, पूल संपला की थेट उंबरठा. दुसऱ्याच्या पुलावर कसे चढायचे, या संकोचाने मी तिकडे पाहिलेच नव्हते. मालकीणबाई दारात उभ्या होत्या. पाहुण्यांनी दिलेल्या वेळेत आपण नेहमीच एक तास चुकण्याचा धरतो, असे त्यांनी मोडक्या इंग्रजीत, कसलाही दोष न देता सांगितले. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीचा मी उल्लेख केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग नव्हती, त्यामुळे चुकण्यातही मजा येत होती. चौकातल्या जुन्या विहिरीच्या दगडी कठड्यावर कार्ड ठेवून मी घरी चार ओळी लिहिल्या. तेवढ्यात टपाल वाटणारी एक बाई ढकलगाडी घेऊन पुलावरून उतरली. माझी सवय मोडेना. अंतर राखून मी तिच्यामागे गेले. ती एका कमानीत शिरली, दोन पाकिटे टाकली, मागे वळली, पूल ओलांडला, आणि आकड्यांकडे एकदाही न पाहता भलत्याच बाजूच्या दारात तिसरे पाकीट सरकवून पुढे गेली. पाठांतर होते सगळे. तिच्या पाठीमागे उभी राहून मी मनोमन नमस्कार केला.

कार्ड माझ्यामागून आठ दिवसांनी घरी पोहोचले. त्यावर मी 'सदाशिव पेठ, पुणे ४११०३०, भारत' इतकेच लिहिले होते आणि घराचा आकडा घालायचा राहून गेला होता. आमच्या पोस्टमनने अक्षर ओळखून ते आणून टाकले होते, मात्र कोपऱ्यात निळ्या शाईने शेरा होता : 'ताई, घर नं. लिहीत जा.'