ओल्या बोटाला दाद न देणारी शेगडी

उपकरणांवरची बटणं जाऊन टचस्क्रीन आले, त्याची हळहळ म्हणजे नुसतं स्मरणरंजन, असं एका लेखात वाचलं. नाही पटलं. आमच्या इंडक्शन शेगडीवर एकही बटण नाही, सगळी गुळगुळीत काच. दूध वर येतंय, हात ओला आणि मी वजाच्या खुणेवर बोट घासतोय. शेगडी ढिम्म! हात पुसेपर्यंत दूध उतू. मग तेच दूध काचेवर पसरलं की शेगडीला वाटतं कुणीतरी बटणं दाबतंय, आणि ती टीं टीं करत आपणहून बंद होते. सांडून झाल्यावर! काचेखालचा सेन्सर बोटामुळे विद्युतधारितेत (म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेत) होणारा बदल टिपतो आणि पाण्यानेही तसाच बदल होतो. स्वयंपाकघरात पाणी असतं हे बनवणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं. जुना नॉब न बघता फिरवता यायचा.

गाड्यांचंही तेच. २०२२ मध्ये एका स्वीडिश मासिकाने ताशी ११० किमी वेगात रेडिओ लावणं, तापमान बदलणं अशी साधी कामं करून पाहिली. २००५ च्या बटणवाल्या व्होल्वोत सगळं १० सेकंदांत उरकलं. टचस्क्रीनवाल्या सर्वांत वाईट गाडीत ४४.६ सेकंद लागले. तेवढ्यात गाडी सव्वा किलोमीटरहून पुढे जाते, नजर पडद्यावर. यात कसलं आलंय स्मरणरंजन?

स्मार्ट टीव्हीबद्दल बोलतच नाही, आमचा अजून सुरू होतोय. काच पुसायला मात्र सोपी आहे, हे कबूल. रोजच पुसतो.