डॉज सिटीतला टक्का

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला आणि जूनअखेर तो मागे घेतला गेला. त्या अडीच महिन्यांत आमच्या डोंबिवलीच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जेवढे मेसेज आले, तेवढे माझ्या लग्नातही आले नव्हते. सगळ्यांचं एकच दुखणं: मराठी टक्का घसरतोय. आणि मामांचा मला ठरलेला प्रश्न: "तुमच्या अमेरिकेत खपवून घेतात का असलं?"

मामांना उत्तर द्यायचं तर डॉज सिटीपासून सुरुवात करावी लागेल.

मी कॅन्सस राज्यात राहतो, पूर्वेकडच्या जॉन्सन काउंटीत. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा, पण आकारावरून फसू नका. कॅन्ससमध्ये अशा १०५ काउंट्या आहेत आणि त्यातल्या काहींची लोकसंख्या दोन हजारसुद्धा नाही. आमच्या एकटीची सहा लाखांवर. मुलाच्या फुटबॉलच्या सामन्यासाठी एकदा पश्चिमेला गार्डन सिटीला जावं लागलं. सहा तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना गहू आणि मका. शेवटी शेवटी गाडीच्या काचा बंद असूनही आत शिरणारा शेणाचा वास. हजारो गुरं एकेका आवारात खाऊन-पिऊन कापणीला तयार होत असतात. तिथल्या माणसाला वासाबद्दल विचारलं तर तो म्हणतो, हा पैशाचा वास आहे. (फोटो ग्रुपवर टाकले नाहीत. कारण सांगायला नको.)

वाटेत डॉज सिटीत जेवायला थांबलो. काऊबॉय आणि पिस्तुलांच्या गोष्टींतलं हे गाव. आता रस्त्यावर पाट्या स्पॅनिश. मेनूकार्डावर बोट ठेवून जेवण मागवलं. शेजारच्या टेबलावर दोन नातवंडं आपसात इंग्रजीत भांडत होती आणि आजीने डोळे वटारले की स्पॅनिशमध्ये गप्प बसत होती.

२०२० च्या जनगणनेत कॅन्ससमध्ये हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत मूळ असलेले लोक १३ टक्के भरले. पण १३ टक्क्यांचं कॅन्सस नकाशावर कुठे सापडत नाही. डॉज सिटीच्या फोर्ड काउंटीत ते निम्म्याहून जास्त, लिबरल गावाच्या सेवर्ड काउंटीत ६० टक्क्यांच्या पुढे, गार्डन सिटीच्या फिनी काउंटीत निम्म्याच्या आसपास. आमच्या जॉन्सन काउंटीत मात्र आठ-नऊ टक्के. आता गंमत बघा. आमच्याकडच्या त्या आठ-नऊ टक्क्यांची माणसं मोजली तर पन्नास हजारांच्या आसपास जातात, आणि त्या तिन्ही काउंट्यांतली मिळूनही जवळपास तेवढीच. तिकडे गाव बदललं असं म्हणतात, इकडे कुणाच्या लक्षातही येत नाही. राज्यात सगळ्यात जास्त हिस्पॅनिक माणसं कुठे, तर विचिटा शहराच्या सेज्विक काउंटीत. त्याची बातमी कुणी करत नाही.

मग पश्चिमेतच ही दाटी का? कारण कत्तलखाने तिकडे गेले. पूर्वी गुरं रेल्वेने कॅन्सस सिटीला यायची आणि तिथे मोठ्या पगाराचे युनियनवाले कामगार ती कापायचे. भूजल उपसून पश्चिमेत मका पिकायला लागला, मक्यावर गुरं पोसली जाऊ लागली, तेव्हा कंपन्यांनी हिशेब केला: गुरं इकडे आणण्यापेक्षा सुरीच तिकडे नेऊ. १९८० च्या डिसेंबरमध्ये गार्डन सिटीजवळ होलकोम्बला अवाढव्य कारखाना सुरू झाला. थंडगार हॉलमध्ये दिवसभर मांस वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून एकच काप हजारदा मारायचा. मनगटं जातात. गावातली गोरी मुलं टिकेनात, आणि टिकणारे आले. त्याच्याही आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, सांता फे रेल्वेचे रूळ टाकायला आणि बीटच्या शेतात राबायला मेक्सिकन माणसं आलीच होती. म्हणजे काहींच्या घरात ही पाचवी पिढी आहे. "परत जा" म्हटलं तर त्यांनी कुठे जावं, विचिटाला?

आणि हे "हिस्पॅनिक" तरी कोण? १९३० च्या जनगणनेत "मेक्सिकन" हा वंश म्हणून छापला, ओरड झाल्यावर १९४० मध्ये काढून टाकला. सगळ्यांना विचारायचा हिस्पॅनिकचा प्रश्न थेट १९८० मध्ये आला. ग्वाटेमालातून काल आलेला आणि कॅन्ससमध्ये पणजोबांपासून असलेला, दोघे एकाच चौकटीत.

इथे मला मामांची आठवण होते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मराठी मातृभाषा सांगणारे जवळपास ६९ टक्के, हिंदी सांगणारे १३. पण त्या हिंदीत भोजपुरी, मगही, राजस्थानी, छत्तीसगढी सगळ्या ओतलेल्या. उलट आपली अहिराणी मराठीत न धरता "खानदेशी" या वेगळ्या भाषेखाली मोजली. एकीकडे जमवून मोठं केलं, दुसरीकडे वेगळं काढून लहान. आणि आपण त्या टक्क्यावर मारामाऱ्या करतो.

शिवाय राज्याचा टक्का काय सांगतो? रत्नागिरीत हापूसच्या बागा राखायला नेपाळी गडी असतात, ते काही मराठीवर चाल करून आलेले नाहीत. आमच्या राजापूरची पोरं मुंबईला गेली म्हणून बाग राखायला माणूस उरला नाही, एवढंच. बीडचा कोयता कोल्हापूर-सांगलीत सहा महिने ऊस तोडतो, पण तो मराठी, म्हणून त्याचे हाल टक्क्यांच्या चर्चेत येतच नाहीत.

मामांची कळकळ खोटी आहे असं मला म्हणायचं नाही. मुंबईत वीस वर्षं काढून "मराठी नहीं आता" असं हसत सांगणारा माणूस मलाही टोचतो. पण डॉज सिटीत मला जे दिसलं ते असं: कारखान्याच्या हॉलमध्ये स्पॅनिशवर भागतं, कचेरीतली नोकरी हवी तर इंग्रजीवाचून अडतं. म्हणून ती नातवंडं इंग्रजीत भांडतात. कॅन्ससने २००७ मध्ये इंग्रजीला अधिकृत भाषा करणारा कायदाही केला, पण त्या पोरांना तो ठाऊक असेल असं वाटत नाही. आपल्याकडे मराठीवाचून कुणाचं काय अडतं? बँकेत नाही, मॉलमध्ये नाही, आपल्याच सोसायटीच्या मीटिंगमध्ये नाही. उद्या मराठी टक्का ८० झाला तरी हे बदलणार नाही, कारण ते ८० सुद्धा रिक्षावाल्याशी हिंदीतच बोलतील. मीही बोलायचो.

इथलं सगळं गोड आहे असंही नाही. २०१८ च्या निवडणुकीत डॉज सिटीच्या सुमारे १३ हजार मतदारांसाठी एकच मतदान केंद्र होतं, आणि बांधकामाचं कारण देऊन तेही गावाबाहेर हलवलं. २०२२ मध्ये मतदारसंघ नव्याने आखताना, जिथे हिस्पॅनिक आणि काळे लोक मोठ्या संख्येने आहेत ती वायँडॉट काउंटी दोन तुकड्यांत वाटली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्यही केलं. माणसं कुठे राहतात हे नीट मोजलं, की रेघ कुठे मारायची हेही नीट कळतं. आपल्याकडे मतदारसंघांची फेररचना यायची आहे. त्या वेळी ग्रुपवर नुसता मराठी टक्का नको, तालुक्याचा नकाशा हवा.

परवा बाबांचा फोन होता. "२०२७ ची जनगणना येतेय. तुझं नाव लिहायचं का रे?"

"नाही बाबा, मला इकडे मोजतात."

"कशात?"

"आशियाईत."

ते जरा थांबले. "म्हणजे चिन्यांबरोबर?"