आठव्या मजल्याची ओसी

घरातल्या कुणीतरी 'या' म्हटल्याशिवाय व्हॅम्पायरला उंबरठा ओलांडता येत नाही. आमच्या तळमजल्यावरचे काका व्हॅम्पायर नव्हते, याचा माझ्याकडे एवढा एकच पुरावा होता. बाकी रात्री-अपरात्री जिन्यात उभं राहणं, कुणाच्या घरी कोण आलं ते वासावरून ओळखणं, वर्गणीच्या वेळी माणसाचं रक्त आटवणं, ही सगळी लक्षणं होती. पण 'येऊ का?' हे दोन शब्द त्यांनी आयुष्यात कुणाच्या दाराशी उच्चारले नव्हते. दार उघडं दिसलं की काका आत असायचे. नगररचना खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आता सोसायटीचे सेक्रेटरी.

गोष्ट २००७ सालची. नौपाड्यात आमची तळ अधिक तीन अशी जुनी इमारत, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्यावर. पुनर्विकासाची बोलणी चालू होती. बिल्डर तळ अधिक सात देतो म्हणत होता आणि काका एकेका घरात जाऊन संमतीच्या सह्या घेत होते. आठवडाभर इमारतीत 'सात' या आकड्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

माझ्या डोक्यात मात्र आठ होते. 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर' ही अमेरिकन मालिका १९९७ ते २००३ अशी सात सीझन चालली. एकूण १४४ भाग. शेवटच्या भागात सनीडेल हे अख्खं गाव खड्ड्यात जातं. ठाण्यात राहणाऱ्याला त्याचं फार नवल वाटायला नको, पण आम्ही रडलो होतो. आम्ही म्हणजे पाच जण. एकमेकांना नावापेक्षा पत्त्यानंच ओळखायचो. कळवेकर, घोडबंदरवाली, कोपरीचे जुळे आणि मी. जुळे नऊ महिने एका पोटात शेजारी राहिले होते, पण एक एंजलचा आणि दुसरा स्पाइकचा. बफीनं कुठल्या व्हॅम्पायरशी लग्न करावं यावरून त्यांच्या घरी दोन वर्षं एकत्र जेवण झालं नव्हतं. व्हॅम्पायर मारणं हेच जिचं काम, तिला त्यांच्यातलाच एक नवरा का बघायचा, हे माझ्या आईला कधी पटलं नाही. मला तरी कुठे पटलं होतं?

तर त्या मार्चमध्ये बातमी आली की आठवा सीझन निघाला. टीव्हीवर नव्हे, कागदावर. डार्क हॉर्स कंपनीचं कॉमिक, दरमहा एक अंक, आणि पहिले अंक मूळ मालिकेचा कर्ता जॉस व्हीडन स्वतः लिहिणार. किंमत दोन डॉलर नव्व्याण्णव सेंट, म्हणजे तेव्हाचे सव्वाशे रुपये. एप्रिलमध्ये न्यू जर्सीची मामेबहीण लग्नाला येणार होती, तिला सांगितलं. तिनं आणलं. बदामाच्या दोन पाकिटांमध्ये, ती हलू नयेत म्हणून, पाचरीसारखं ठोकून. व्हॅम्पायरच्या छातीत ठोकायची ती पाचर वेगळी, हे तिला कोण सांगणार.

एक प्रत, पाच वाचक. जागा ठरली आमचं घर, कारण स्टेशनपासून जवळ आणि आईचे पोहे. रविवारी दुपारी कळवेकर आला तो वडिलांच्या विमा पॉलिसीचं प्लास्टिकचं कव्हर घेऊन. पॉलिसी घरी उघडी टाकून आला होता. त्यानं दोनदा हात धुतले, पुसले, वाळवले आणि मग कॉमिक उघडलं. दहा मिनिटांत मिटलं.

"संपलं?"

"ठाण्याला गाडीत बसून उघडलं तर कळव्याला उतरताना मिटावं लागेल, एवढंच आहे," तो म्हणाला. "महिनाभर थांबायचं आणि एका स्टेशनात संपवायचं."

जुळ्यांनी एकत्र वाचलं, म्हणजे एकानं डावं पान धरलं आणि दुसऱ्यानं उजवं. मी वाचलं. आता घोडबंदरवाली राहिली होती. तिची बस तिच्याच रस्त्यावर कुठेतरी उभी होती. आम्ही तोंडं मिटून बसलो. कारण ती फोनवर निक्षून सांगत होती, "मी वाचेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. मी जिन्यातून ऐकते."

ती दीड तासानं आली, कॉमिक घेतलं आणि गॅलरीत जाऊन बसली. ही मुलगी चित्रकलेच्या कॉलेजातली. आम्ही शब्द वाचतो, ही रेघा वाचते. एका चौकटीला दोन मिनिटं. आम्ही चौघं सोफ्यावर ओळीनं, हात मांडीवर, नजर जमिनीवर. माहीत असलेली गोष्ट न बोलण्याइतका मोठा छळ नाही. मधेच गॅलरीतून "अय्या!" असं ऐकू आलं. ती कुठल्या पानावर पोचली ते चौघांनाही कळलं, चौघांनी एकदम मान वर केली आणि परत खाली घातली. तेवढ्यात आई पोहे घेऊन बाहेर आली. समोरचं दृश्य पाहून तिचा हात थबकला. ताटल्या आवाज न करता ठेवत तिनं हळूच विचारलं, "कोण गेलं गं?"

"तिला सांगू नका काकू," कळवेकर कुजबुजला.

एक तास दहा मिनिटांनी घोडबंदरवाली आत आली आणि धरण फुटलं. बफी आता स्कॉटलंडमधल्या किल्ल्यात राहते. तिची धाकटी बहीण अंगानं त्या किल्ल्याएवढी झाली आहे. (ते "अय्या" हेच.) टीव्हीवर असली बहीण दाखवायची तर निर्मात्याचं घर गहाण पडलं असतं, कागदावर नुसती शाई लागते. पूर्वी एका पिढीत एकच मुलगी पिशाच्च मारणारी असायची, आता जगभर अठराशे आहेत.

पण खरं भांडण वेगळंच होतं. हे कॅनन का? कॅनन म्हणजे अधिकृत, घडलंच म्हणून धरायचं ते. मालिकांवर कादंबऱ्या निघतात, कॉमिक निघतात, त्यात वाटेल ते घडतं आणि पुढे ते कुणी मोजत नाही. हे त्यातलं, की खरंच पुढचा सीझन?

"सात झाले ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेत," कळवेकर ओरडत होता. "आठवा नुसता कागदावर आहे! मी तो धरणार नाही!"

"मूळ माणसाची सही आहे ना त्याच्यावर?" स्पाइकवाला.

"आणि रोममध्ये दाखवली ती डमी होती, हे आत्ता सांगतात?" एंजलवाला रडवेला झाला होता.

"अरे, अठराशे मुली आहेत," घोडबंदरवाली टेबलावर हात आपटत म्हणाली, "त्यातल्या जेमतेम पाचशे आपल्याकडे!"

मी सहज दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं. काका आत होते. हातात संमतीपत्रांची फाईल, चेहरा पांढराफटक. ते काही न बोलता मागे वळले आणि जिना उतरून गेले. काका न बोलता गेले म्हणजे काहीतरी भयंकर होणार, एवढं मला कळायला हवं होतं.

मंगळवारी फलकावर सूचना लागली. 'विशेष सर्वसाधारण सभा. विषय : मंजूर होणाऱ्या सात मजल्यांव्यतिरिक्त कागदोपत्री दाखवलेला आठवा मजला व त्यावरील नियोजित लेडीज होस्टेल.'

सभा गच्चीवर झाली. एरवी कोरम जमत नाही म्हणून अर्धा तास थांबावं लागतं, त्या दिवशी भाडेकरूसुद्धा आले होते. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींचा मुद्दा पाण्याचा होता. सकाळी पाऊण तास पाणी येतं, त्यात पाचशे मुली कशा आंघोळी करणार? कुणी पार्किंगचं काढलं. एकाला रोममधल्या डमीत रस होता. बिल्डरनं तिकडे बेनामी फ्लॅट घेतलाय, असं त्यांचं म्हणणं पडलं. काकांनी सगळ्यांना शांत केलं आणि माझ्याकडे बोट केलं. "ही माहिती तिसऱ्या मजल्यावरून मिळाली आहे."

मी उभी राहिले. ऑफिसात मी वीस माणसांसमोर प्रेझेंटेशन देत असे, पण तिथे समोर दुसऱ्या मजल्यावरच्या आजी नसत.

"त्या मुली इथे राहायला येणार नाहीत," मी म्हणाले. "त्या स्कॉटलंडला असतात. त्या... पिशाच्च मारतात."

गच्चीवर इतकी शांतता मी नंतर कधी अनुभवली नाही. खाली गोखले रोडवर रिक्षावाला सुट्ट्या पैशांवरून भांडत होता, तेही ऐकू आलं.

"पाचशे मुली," आजी विचार करून म्हणाल्या. "त्यांचं खाणंपिणं कोण बघतं? खर्च कोण करतं?"

हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही सुचला नव्हता. पुढच्या वर्षी कॉमिकमध्येच उत्तर आलं. बफीनं स्विस बँक लुटली होती. आजींना सांगितलं तर म्हणाल्या, "वाटलंच मला."

काकांचा मात्र तोंडी खुलाशावर विश्वास नव्हता. तीस वर्षं नगररचनेत काढलेला माणूस. "कागद दाखव," ते म्हणाले. मी घरात जाऊन प्लास्टिकच्या कव्हरसकट कॉमिक आणून त्यांच्या हातात दिलं. ते रात्रभर त्यांच्याकडे राहिलं. कळवेकरला मी फोन केला नाही.

सकाळी काकांनी परत आणून दिलं. जो चेन या चित्रकर्तीनं रंगवलेल्या त्या मुखपृष्ठावर, उजव्या कोपऱ्यात, लाल बॉलपेननं लिहिलं होतं 'पाहिले'. खाली सही आणि तारीख.

आतही होतं. पानागणिक बारीक बरोबरच्या खुणा. त्या राक्षसी बहिणीशेजारी 'उंची मर्यादेपेक्षा जास्त'. आणि रोमच्या उल्लेखाशी, समासात, स्वच्छ अक्षरात : 'पूर्वी दाखवलेली व्यक्ती डमी असल्याचे आता कळवले आहे. खुलासा घ्यावा.' नेमकं दुखणं तेच होतं. एंजलच्या स्वतंत्र मालिकेत, २००४ मध्ये, तो बिचारा थेट रोमला जातो आणि बफी तिथे दुसऱ्याच कुणाबरोबर नाचताना दिसते. आता कॉमिक म्हणतं की ती बफी नव्हतीच, शत्रूला चकवायला ठेवलेली तोतया होती. कोपरीचा एंजलवाला त्या नाचाचं दुःख तीन वर्षं फुकट करत होता.

कळवेकरनं 'पाहिले' पाहिलं आणि तो जिन्यातच, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे, बसला. काका खालून वर येत होते, तेही त्याच्या शेजारी बसले.

"तुझं म्हणणं काय, आठवा अनधिकृत?"

त्यानं नुसती मान हलवली.

"हे बघ. जुने कॉलम तेच आहेत का? आहेत. मूळ मालकाची सही आहे का? आहे. मग बांधकाम पडत नाही. दंड भरून नियमित होतं. रोमचं प्रकरण म्हणजे जुन्या नोंदीत फेरफार आहे, त्यावर हरकत घेता येईल, पण मुदतीत. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, लगेच नाही मिळणार. पण ओसी नसलेल्या इमारतीत माणसं राहत नाहीत का? ठाण्यात आहेस ना तू?"

कॅननच्या वादावर मी पुष्कळ ऐकलं, पण याहून नीट कुणी सांगितलेलं आठवत नाही. कळवेकरनं हळूहळू कव्हर उलटंसुलटं करून पाहिलं. "या अंकाची दुनियेत दुसरीकडे कुठे हेडक्लार्कनं पाहिलेली प्रत नसेल," तो म्हणाला, आणि चिठ्ठ्या न टाकता ती प्रत कायमची स्वतःकडे ठेवायची मागणी केली. त्यावर नवं भांडण झालं.

त्यानंतर काका माझ्याकडून पहिल्या सीझनच्या सीडी मागून नेऊ लागले. कशासाठी, तर 'मागची फाईल' बघायला. दर रविवारी आमच्या घरात ते असायचेच, न बोलावता. डिसेंबरात एंजलवाल्यानं त्याच्या नायकाचं कॉमिक मिळवलं. नोव्हेंबरात निघालेलं, त्यात अख्खं लॉस एंजेलिस नरकात गेलेलं. पण हे डार्क हॉर्सचं नव्हे, आयडीडब्ल्यू नावाच्या दुसऱ्याच कंपनीचं. त्यामुळे या कथेतली माणसं त्या कथेत मोकळेपणानं जाणार कशी, हा पेच.

"ए विंग एका बिल्डरला, बी विंग दुसऱ्याला," काका आदल्या रविवारी म्हणाले होते. "आणि जिना एकच. मी असल्या फायली पाहिल्यात. वीस-वीस वर्षं कोर्टात."

त्या संध्याकाळी आम्ही पाच जण नरकातलं लॉस एंजेलिस उघडून बसलो आणि वेळापत्रकाप्रमाणे वीज गेली. भारनियमनाचे दिवस. आईनं मेणबत्ती लावली. घोडबंदरवालीचं वाचून व्हायचं होतं, म्हणजे मेणबत्ती तिच्याकडे आणि बाकीचे अंधारात, गप्प. जिन्यात पावलं वाजली. दाराशी येऊन थांबली.

नेहमीसारखं दार उघडंच होतं. बाहेर काळोखात पांढरा लेंगा आणि कानटोपी तेवढी दिसत होती. काका उंबरठ्याच्या पलीकडे उभे होते. आत येत नव्हते.

"आत येऊ का?" त्यांनी विचारलं.

कुणी हललं नाही. कळवेकरनं माझा दंड घट्ट धरला. "कुणी 'या' म्हणू नका," तो कुजबुजला.

"या की!" स्वयंपाकघरातून आई ओरडली. "आज असं परक्यासारखं काय विचारताय?"

काकांनी एकदा खाली उंबरठ्याकडे पाहिलं, आणि उजवा पाय आत टाकला.