छोटासाच बदल आहे, बघून घ्या

"सर, छोटासाच बदल आहे, बघून घ्याल का?" ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात हे वाक्य हमखास शुक्रवारी संध्याकाळी कानावर येतं. या वेळी टीममधल्या एका पोराने आपला कोड तपासणीला पाठवला होता. वर शीर्षक काय, तर 'मेटाडेटा रिक्वेस्ट फास्ट केली'. खाली तिघांचे अंगठे आणि एक 'एलजीटीएम', म्हणजे 'लुक्स गुड टू मी'. कोड उघडून कुणी पाहिला असेल, अशी शंका घ्यायलाही जागा नव्हती.

आमची मेसेजिंग सिस्टम काफ्काच्या, म्हणजे प्रोग्रॅम्समध्ये मेसेज पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, वळणाची. मेसेज टाकण्याआधी क्लायंट (मेसेज पाठवणारा प्रोग्रॅम) ब्रोकरला (मेसेज साठवणाऱ्या सर्व्हरला) विचारतो, या पार्टिशनचा, म्हणजे मेसेजेसच्या या कप्प्याचा, लीडर ब्रोकर कोण? ही माहिती म्हणजेच मेटाडेटा. उत्तर जपून ठेवतो, पण भरवसा म्हणून नाही. काही बदललं नसलं तरी काफ्काच्या डिफॉल्टप्रमाणे 5 मिनिटांनी पुन्हा तेच. असे क्लायंट शेकड्यांनी आणि पार्टिशन्स हजारांनी असली, की ब्रोकरचा चौकशी खिडकीवाला होतो.

जुन्या कोडमध्ये ही माहिती बदलत असताना वाचणारे लॉकपाशी, म्हणजे बदल होईपर्यंत इतरांना रोखणाऱ्या कुलपापाशी, ताटकळायचे. ठाण्याच्या 9-10 नंबरवर इंडिकेटर बदलताना 'कुणी वर बघू नका' अशी घोषणा व्हावी, तसं. पोराने लॉकच काढला. नवा बोर्ड मागे पूर्ण लिहायचा आणि एका झटक्यात जुन्याच्या जागी टांगायचा. काफ्कानेही हाच रस्ता धरलाय, त्यामुळे कल्पनेला नावं ठेवायची सोय नव्हती.

मग बेंचमार्क, म्हणजे वेगाची चाचणी, पाहिला. आलेख थेट आभाळात! मोजला होता लॅपटॉपवर, एकाच क्लायंटने, मेटाडेटात काहीही बदलत नसताना. लॉकसाठी भांडायला दुसरं कुणी नव्हतंच, तर वेळ वाचला कुठला? बहुधा लॅपटॉप चार्जिंगला लावला असावा.

खरी गंमत पुढे. एकाच फंक्शनमध्ये साहेबांनी बोर्डाकडे दोनदा पाहिलं होतं. वरच्या ओळीत पार्टिशन्सची यादी, खाली लीडरचा पत्ता. मधल्या क्षणी बोर्ड बदलला, तर गाडी पनवेलची आणि वेळ वाशीची. अशी चूक टेस्टमध्ये सापडत नाही. ती रात्री तीनला, ज्याची ड्यूटी असेल त्याच्या फोनवर सापडते. आणि ड्यूटी माझी होती.

मी लिहिलं, "स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीचा बोर्ड, एकदाच व्हेरिएबलमध्ये घे, शेवटपर्यंत तोच वापर. आणि मेटाडेटा बदलत ठेवून, भरपूर क्लायंट लावून पुन्हा मोज."

तेवढ्यात मॅनेजर डोकावले. "आज मर्ज होतंय ना? छोटासाच बदल आहे म्हणे."

सोमवारी पोराचं उत्तर आलं, "केलं सर. लोड लावल्यावरही फास्टच आहे." मी मंजुरीच्या बटणापर्यंत पोचलोच होतो, तर खाली आणखी एक ओळ, "जाता जाता सगळ्या फाइल्सचं फॉरमॅटिंगही नीट केलंय."